तिसऱ्या वेचणीचा रंग

अमळनेरला तेव्हा बसवायचे दात दोनच रंगांचे मिळत:
पांढरा, आणि त्याहून पांढरा.
माणूस हसला की
आधी दात पुढे यायचा, मग माणूस.

डॉक्टर यमुना अत्तरदे यांच्याकडे परदेशी पट्टी होती,
सोळा नमुने, मखमली डबीत.
त्यातल्या एकाही दाताने
बोरीचं पाणी चाखलं नव्हतं.
बाईंनी डबी खणात टाकली
आणि स्वतःची पट्टी करायला घेतली.
नावं अजून माझ्या अक्षरात आहेत:
दादर.
ओली दादर.
शेंगदाणा, साल काढून.
केळीचा गाभा.
कापूस, पहिली वेचणी.
कापूस, तिसरी वेचणी.
बिडी, वीस वर्षं.

मी भट्टीवर होतो. वय सोळा, पगार साठ रुपये,
वीज गेली की शिव्या (मला नाही, मंडळाला).
चिनी मातीची भुकटी, पाण्याचा थेंब,
खारीच्या केसांचा ब्रश, थरावर थर.
भट्टीत दात आटतो, म्हणून आधी मोठा घडवायचा.
"कोरा मांजरपाट आटतो ना धुतल्यावर?
तुला तर हे माहीत असायला हवं," बाई म्हणायच्या,
"शिंप्याचा ना तू?"

ट्यूबलाइट बंद. पेशंट उत्तरेच्या खिडकीत,
सकाळी दहा ते अकरा, एवढाच वेळ.
लाल लुगड्यावर राखी टॉवेल,
नाहीतर दातही लाजतो.
जीभ फिरवा. ओला करा.
कोरडा दात खोटं बोलतो.

मग एकदा केसपेपरवर मीच लिहिलं:
सुपडू निकुंभ, शिंपी, वय एकावन्न,
वरचा पुढचा दात, सायकलवरून पडून.
माझे वडील.
चार दिवसांत दात तयार.
कडेला पाणीदार, मुळाशी पिवळट,
मधोमध केसाएवढा तडा.
भट्टीतून मीच काढलेला,
तरी शेजारच्यापासून मला वेगळा ओळखता येईना.

बापूंनी आरसा घेतलाच नाही.
खिशातून रीळ काढलं, दोरा दातात धरला,
झटका दिला.
दोरा निसटला.
"हाऊ दात मना नही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बापूंनी रुमालाची गाठ सोडली,
आत तुटलेला तुकडा, जपून ठेवलेला.
त्याच्या कडेला खाच,
तीस वर्षं दोरे तोडून पडलेली.
बाईंनी तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ.
"कॉलेजात याला दोष म्हणतात," त्या म्हणाल्या.
"आणि इथं तर यांचं सगळं दुकान आहे."

पुन्हा थर. पुन्हा भट्टी. दोनदा वीज गेली.
खाच त्यांनी स्वतः घासली,
मध्ये मध्ये माझ्याकडून दोरा मागून घेत.
बापूंनी रीळ काढलं.
टक्.
बोलले काही नाहीत. पैसे टेबलावर ठेवले,
दोन रुपये कमी.

बाई गेल्या तेव्हा शोकसभेत
वक्त्यांना दाखवायला काही नव्हतं.
पूल बांधणाऱ्याचा पूल दिसतो.
मी मागच्या रांगेत उभा राहून तोंडं बघत होतो:
ही ओली दादर, तो केळीचा गाभा,
अध्यक्ष म्हणजे बिडी, वीस वर्षं.
एकालाही शेजाऱ्याचं ठाऊक नव्हतं.
ते सांगायचं तर बाईंचं काम मोडायचं.
मी गप्प बसलो.

बापू पुष्कळ जगले.
तिसऱ्या दिवशी बोरीकाठी राख सावडायला
मी आणि काका.
बाकीचे दात बोट लागताच भुगा होत होते.
हा एकटा शाबूत,
भट्टी त्याला नवी नव्हती.
काकांनी तळहातावर घेऊन उलटापालटा केला,
पन्नास वर्षं एका ताटाशी जेवलेला माणूस.
"हाऊ खोटा व्हता का रे?"

मी राख पुसली.
नख खाचेत बसलं.